डिझेल ट्रकचं इंजिन जास्त एचपीसाठी बांधताय? मग पिस्टन कसे निवडायचे ते सविस्तर

नाशिकमध्ये आडगाव नाक्यापासून अंबडपर्यंत कुठल्याही इंजिनवाल्याकडे जा आणि सांगा की मला डिझेल इंजिनातून जास्त पॉवर काढायचीय, पहिला सल्ला ठरलेला असतो, "फोर्ज पिस्टन (प्रेसने दाबून घडवलेले) टाका, टेन्शन मिटलं". गाडी कुठे चालणार, किती वेळ फुल लोडवर राहणार, नोझल (डिझेल फवारणारं तोंड) कुठलं, टर्बो कुठला, हे फार थोडे जण विचारतात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न 'किती वेळ' हाच आहे. पिस्टन एचपीच्या आकड्याने मरत नाही, तो आकडा तुम्ही किती वेळ धरून ठेवता आणि तेवढ्या वेळात उष्णता पिस्टनमधून बाहेर कशी निघते यावर त्याचं आयुष्य ठरतं. खाली जे काही लिहिलंय ते या एकाच गोष्टीभोवती आहे.

आधी एक स्पष्ट बोलतो. रोडवर पासिंग असलेल्या गाडीत कंपनीच्या स्पेसिफिकेशनच्या बाहेर बदल करायला मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मनाई आहे, त्यामुळे मोठ्या एचपीचं काम हे शर्यत, ऑफरोड, खासगी जागेतलं पुलिंग (वजन ओढायची स्पर्धा) अशा गाड्यांसाठी समजा. भाड्याच्या गाडीत असलं काही करू नका, उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पहिले हेच बघेल. पण भाड्याच्या गाडीचं नुसतं इंजिन काम करायचं असेल तरी हे वाचा, कारण कंपनीच्या पॉवरवर पण पिस्टन निवडताना हेच प्रश्न येतात.

पहिली पायरी: वापर कागदावर लिहा

ट्रॅकवर किंवा पुलिंगला इंजिन फुल पॉवरवर असतं १०-१५-२० सेकंद. मग थ्रॉटल सोडला की पिस्टन थंड व्हायला लागतो. याच्या उलट कसाऱ्याहून इगतपुरीकडे लोड घेऊन चढणारी गाडी घ्या, साधारण तीनशे मीटरची चढण, खालच्या गिअरमध्ये, समोर कंटेनर रांगेत, गाडीचा स्पीड कमी म्हणून रेडिएटरला हवा कमी, आणि इंजिन मिनिटंच्या मिनिटं लोडखाली, त्यात मे महिना असेल तर बाहेरच चाळिशीच्या आसपास. पहिल्या इंजिनात प्रेशर जास्त आहे पण वेळ कमी, दुसऱ्यात प्रेशर कमी पण उष्णता साठत जाते. या दोन गाड्यांना एकच पिस्टन बसत नाही, हे डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं.

म्हणून कागदावर चार गोष्टी लिहा: किती एचपी पाहिजे, ती सलग किती वेळ पाहिजे, जास्तीत जास्त आरपीएम किती, आणि टर्बोचा बूस्ट (तो हवा किती दाबाने आत ढकलतो) किती. आरपीएम का लिहायचा ते सांगतो. पिस्टन वर-खाली थांबताना जो झटका बसतो तो आरपीएमच्या वर्गाने वाढतो, म्हणजे २८०० चे ४००० केले की झटका दुप्पट होतो, आणि तो सगळा गजन पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी पिन), कनेक्टिंग रॉड आणि रॉड बोल्टवर येतो. पॉवर जर टॉर्कमधून, कमी आरपीएमला काढणार असाल तर पिस्टनचं वजन थोडं जास्त असलं तरी चालतं, वर फिरवायचं असेल तर एकेक ग्रॅम मोजावा लागतो.

दुसरी पायरी: जे इंजिन आहे ते नीट मोजा

मी उदाहरणाला ५.९ लिटरचं कमिन्स ६ बीटी घेतो, कारण टाटाच्या ट्रकमध्ये ते भरपूर आलं, जमशेदपूरला बनलं, आणि अमेरिकेत हेच इंजिन १९८९ ला १६० एचपीने डॉज पिकअपमध्ये आलं त्यामुळे त्याच्यावर तिकडे प्रचंड काम झालेलं आहे. बोअर (सिलिंडरचा व्यास) १०२ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) १२० मिमी. याच्यात लायनर (सिलिंडरमधली बदलता येणारी नळी) नसतो, पिस्टन सरळ ब्लॉकमध्येच चालतो, म्हणजे बोअर घासला असेल तर बोरिंग करून ओव्हरसाईज पिस्टन, नाहीतर स्लीव्ह. लायनरवाल्या इंजिनात तुम्ही नवीन लायनर टाकून स्टँडर्ड साईजला परत येऊ शकता, इथे ते तितकं सोपं नाही. म्हणून पिस्टनची ऑर्डर द्यायच्या आधी ब्लॉक मोजायचा, आधी पिस्टन आणून मग ब्लॉक उघडायचा नाही. बोअर गेजने तीन उंचीवर, प्रत्येक ठिकाणी आडवं आणि उभं. ब्लॉकची वरची फेस सपाट आहे का, आधी कोणी घासून कमी केलीय का ते पण बघा, कारण फेस कमी झाली की पिस्टन ब्लॉकच्या वर जास्त निघतो आणि कॉम्प्रेशनचा सगळा हिशोब बदलतो.

आणि जुने पिस्टन भंगारात देऊ नका लगेच! ते टेबलावर ओळीने मांडा, सिलिंडर नंबर टाकून. जुना पिस्टन तुम्हाला सांगतो की नव्यात काय पाहिजे. डोक्यातल्या वाटीच्या कडेला बारीक केसासारख्या चिरा असतील तर तो उष्णतेचा थकवा आहे, तापणं-थंड होणं, तापणं-थंड होणं. चीर गजन पिनच्या लाईनमध्ये डोक्यावरून आरपार जात असेल तर तो प्रेशरचा मार आहे. पहिल्या रिंगची खाच खाली-वर रुंद झाली असेल, रिंग त्यात हलत असेल, तर जास्त तापमानावर जास्त वेळ चाललंय. आणि एकाच पिस्टनचं डोकं एका बाजूने वितळलं असेल तर पिस्टनला दोष देऊ नका, त्या सिलिंडरचं नोझल काढून टेस्टिंगला द्या. डोळ्याने चीर दिसत नसेल तर लाल डायवाला स्प्रे येतो वेल्डिंगच्या दुकानात, पिस्टन स्वच्छ करायचा, लाल मारायचा, थोड्या वेळाने पुसायचा आणि वरून पांढरा डेव्हलपर मारायचा. चीर असेल तिथे पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. अंबडला एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये सहाही पिस्टन असे चेक केले होते, नुसते बघून सहाही चांगले वाटत होते, डेव्हलपर मारल्यावर दोघांच्या वाटीच्या काठावर लाल रेघा वर आल्या, आणि मालक तेच पिस्टन नवीन रिंग टाकून परत बसवणार होता.

पिनच्या लाईनमधली चीर आणि वाटीच्या काठाची चीर, अमेरिकेत डिझेल पिकअपवाल्यांना हे दोन्ही प्रकार चांगले माहिती आहेत. जनरल मोटर्सच्या ड्युरामॅक्सच्या २००६ ते २०१० च्या एलबीझेड आणि एलएमएम इंजिनात पॉवर खूप वाढवली की पिस्टन गजन पिनच्या लाईनमध्ये फुटतो, आणि फोर्डच्या ६.४ लिटर पॉवरस्ट्रोकमध्ये वाटीच्या काठाला चिरा जातात. दोन्ही कास्ट अल्युमिनियमचे पिस्टन, तरी मोडायची जागा वेगळी, म्हणजे इलाज पण वेगळा.

तिसरी पायरी: धातू. इथेच सगळे घसरतात

चार पर्याय आहेत.

कंपनीचा कास्ट (साच्यात ओतलेला) पिस्टन. अल्युमिनियममध्ये साधारण १२ टक्के सिलिकॉन. याला लोक हलक्या दर्जाचा समजतात पण हेवी ड्युटी डिझेलच्या चांगल्या कास्ट पिस्टनमध्ये दोन गोष्टी असतात ज्या फोर्जमध्ये सहसा नसतात. एक, पहिल्या रिंगच्या खाचेत निकेलवाल्या कास्ट आयर्नची कडी ओतलेली असते, तिला रिंग कॅरिअर म्हणतात, त्यामुळे खाच लवकर रुंद होत नाही. दोन, डोक्याच्या आतून तेल फिरायची पोकळ गॅलरी. ही गॅलरी कशी बनते माहितीये का, साच्यात मिठाची कडी ठेवून त्याच्याभोवती अल्युमिनियम ओततात आणि मग पाण्याने मीठ विरघळवून काढतात, उरते ती पोकळी. फोर्जिंगमध्ये तापलेल्या धातूला प्रेसने दाबून आकार देतात, तिथे आत मीठ ठेवायचा प्रश्नच नाही.

फोर्ज ४०३२ (हा अल्युमिनियमच्या मिश्रधातूचा नंबर, पुढचा २६१८ पण तसाच). यात पण सिलिकॉन ११ ते १३.५ टक्के, फुगणं कमी, थंड असताना पिस्टन बोअरवर आपटून कमी वाजतो. मध्यम वाढीव पॉवर आणि गाडी रोजच्यासारखी चालवायची असेल तर बरा.

फोर्ज २६१८. सिलिकॉन जवळजवळ नाही, तांबं, मॅग्नेशियम, थोडं लोखंड आणि निकेल. हा चिवट. मार बसला तर तडकत नाही, आधी वाकतो, म्हणून शर्यतीला हा लागतो. पण तो जास्त फुगतो म्हणून क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली फट) जास्त ठेवावा लागतो, आणि मऊ असल्यामुळे पहिल्या रिंगची खाच तासन्तास लोडवर चालवलं की लवकर रुंद होते. रिंग कॅरिअर नाही, गॅलरी नाही.

आता सांगा, घाटात लोड ओढायच्या गाडीत २६१८ टाकायचा का? मी तरी नाही टाकणार. ओळखीच्या एका गाडीत असाच महाग फोर्ज सेट बसला होता, गाडीचं काम लोडचंच, काही महिन्यात ब्रीदर (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणारी नळी) हवा मारायला लागला आणि तेल प्यायला लागली, इंजिन उघडलं तर पिस्टन कुठेही फुटलेला नाही, चीर नाही, पण पहिल्या रिंगची खाच एवढी ढिली की फिलर गेजची जाड पात सहज जात होती. चुकीचा माल नव्हता तो, चुकीच्या कामाला लावला होता.

चौथा पर्याय स्टील. मोठ्या ट्रक इंजिनात फोर्ज स्टीलचे पिस्टन खूप वर्षांपासून आहेत आणि फोर्डने २०२० च्या ६.७ पॉवरस्ट्रोकमध्ये पण स्टील आणले. स्टीलला प्रेशर झेपतं, फुगणं अल्युमिनियमच्या जवळपास निम्मं, त्यामुळे क्लिअरन्स टाईट ठेवता येतो. पण स्टील उष्णता वाहून नेण्यात अल्युमिनियमपेक्षा खूप मागे आहे, डोकं तापलेलं राहतं, त्यामुळे खालून तेलाचा जेट बरोबर आणि भरपूर पाहिजे, नाहीतर तेल तिथेच जळून कोळसा धरतं आणि त्या कोळशाच्या थराने थंड होणं अजून कमी होतं. शिवाय स्टीलचे पिस्टन बुटके बनवतात, तुमच्या रॉडच्या लांबीला आणि ब्लॉकच्या उंचीला जुळतात का ते आधी बघावं लागतं.

माझा ठोकताळा असा. लोडची गाडी किंवा लांब ऑफरोड, पॉवर कंपनीपेक्षा दीडपट-पावणेदोनपट: गॅलरी आणि रिंग कॅरिअरवाला चांगल्या कंपनीचा कास्ट, शक्य असेल तर त्याच इंजिनाच्या जास्त एचपीच्या व्हर्जनचा. थोड्या सेकंदांची शर्यत, तिप्पट-चौपट पॉवर: २६१८. दोन्ही पाहिजे, खूप पॉवर आणि खूप वेळ: स्टील, आणि मग बजेट पण तसं ठेवा.

चौथी पायरी: वाटी आणि नोझल ही जोडी आहे

याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण इथे सगळ्यात जास्त पिस्टन वाया जातात.

डायरेक्ट इंजेक्शनच्या डिझेलमध्ये जळणं पिस्टनच्या डोक्यातल्या वाटीत होतं. नोझलची भोकं एका ठरावीक कोनात डिझेल फेकतात, १४५ अंश, १५५ अंश वगैरे, आणि ती धार वाटीच्या भिंतीवर बरोबर उंचीला लागायला पाहिजे. कोन मोठा आणि वाटी छोटी असेल तर धार वाटीच्या काठावर किंवा काठाच्या बाहेर पडते, तिथे अल्युमिनियम पातळ असतं, तिथेच जाळ लागतो, पिस्टन तिथूनच वितळतो, आणि बाहेर पडलेलं डिझेल बोअरवरचं तेल धुऊन टाकतं. म्हणून फक्त "मोठं नोझल टाकलं" असं नसतं. नोझलचा कोन, भोकांची संख्या, नोझल हेडमधून किती बाहेर आलंय, नोझलखालचा तांब्याचा वॉशर किती जाडीचा, हे सगळं पिस्टनबरोबर ठरतं. वॉशर अर्धा मिमी जाड टाकला की धार तेवढीच वर सरकते.

आपण नाशिककर याबाबतीत नशीबवान आहोत, सातपूरला बॉशचा नोझल आणि इंजेक्टरचा कारखाना, ज्याला अजून आपण मायकोच म्हणतो, त्यामुळे पंप आणि नोझलचं काम जाणणारी माणसं या गावात आहेत. पिस्टन ठरवताना अशा माणसाला सोबत घ्या, नोझलचा कोन त्याच्याकडून लिहून घ्या, आणि पिस्टनवाल्याला तो कोन सांगा.

वाटीचा आकार दोन प्रकारचा समजा. काठ आत वळलेली, तोंड अरुंद, ही धुराला आणि मायलेजला चांगली कारण हवा आत घुसळली जाते. पण तो आत आलेला काठ सगळ्यात जास्त तापतो आणि तिथेच चिरा जातात. दुसरी उघडी, रुंद, गोल काठाची, मोठ्या नोझलला आणि जास्त डिझेलला हीच बरी. अमेरिकेत जुन्या १२ व्हॉल्व्हच्या कमिन्समध्ये बोटीच्या इंजिनाचे पिस्टन टाकायची पद्धत याच कारणाने पडली, त्यांची वाटी रुंद असते. काही जण कंपनीच्या पिस्टनचा आत वळलेला काठ लेथवर गोल करून घेतात, ते पण चालतं, पण सहाही वाट्या सारख्याच कापल्या गेल्या पाहिजेत आणि कापलेला काठ अगदी गुळगुळीत, हातावर ओरखडा न येईल असा. टूलची एक रेघ राहिली तरी चीर तिथूनच सुरू होते.

पाचवी पायरी: कॉम्प्रेशन रेशोचा हिशोब स्वतः करा

रेशो म्हणजे पिस्टन खाली असतानाची सिलिंडरमधली सगळी जागा भागिले पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा. रोडसारख्या वापराला १६ ते १७.५, मोठ्या बूस्टच्या शर्यतीला १५ च्या आसपास किंवा खाली, असं साधारण चालतं. रेशो कमी केला की तेवढ्याच बूस्टला सिलिंडरमधलं टोकाचं प्रेशर कमी राहतं आणि अजून बूस्ट घालायला जागा मिळते. किंमत काय मोजावी लागते, तर सकाळचं स्टार्टिंग. निफाडला थंडीत पारा पाच-सहाच्या खाली उतरतो, तिथे कमी रेशोचं इंजिन पांढरा धूर सोडत बसेल आणि बॅटरी संपेल.

हिशोब अवघड नाही. १०२ बोअर, १२० स्ट्रोक, म्हणजे एका सिलिंडरचं व्हॉल्यूम ९८०.५ सीसी. रेशो १७ पाहिजे तर वर उरणारी जागा ९८०.५ भागिले १६, म्हणजे ६१.३ सीसी. रेशो १५.५ पाहिजे तर भागिले १४.५, म्हणजे ६७.६ सीसी. फरक फक्त सव्वासहा सीसीचा. ही जागा वाटीत वाढवायची, जाड गॅस्केट टाकून नाही. ०.२५ मिमी जाड गॅस्केट टाकलं तर साधारण २ सीसीच वाढतात, सव्वासहासाठी पाऊण मिमीच्या वर जाड करावं लागेल, आणि मग पिस्टन वर आल्यावर काठावरची हवा जी जोरात वाटीत ढकलली जाते ती ढकलली जाणार नाही, धूर वाढेल, डिझेल उशिरा जळेल, म्हणजे पिस्टन अजून तापणार. जाड गॅस्केट हे ब्लॉकची फेस घासली गेली असेल तर तेवढी भरपाई करायला आहे.

वाटी मोजायला काचेची ब्युरेट घ्या, लॅबच्या सामानात मिळते. पिस्टन सपाट ठेवा, काठाला पातळ ग्रीस लावा, वर भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी दाबून बसवा आणि भोकातून रॉकेल सोडत जा, बुडबुडा राहायला नको. सहाही पिस्टन मोजा. अर्धा सीसीपेक्षा जास्त फरक आला तर विक्रेत्याशी बोला. एकूण जागेत हेडमधली, गॅस्केटची आणि पिस्टन ब्लॉकच्या वर किती निघतो याची पण बेरीज-वजाबाकी करायची, नुसती वाटी म्हणजे सगळं नाही.

टोकाचं प्रेशर म्हणजे काय त्याची कल्पना यावी म्हणून सांगतो, १०२ मिमीच्या पिस्टनवर २०० बार प्रेशर म्हणजे साडेसोळा टनांहून जास्त दाब, एका पिस्टनवर, दर पॉवर स्ट्रोकला. आणि हे प्रेशर बूस्टपेक्षाही टायमिंगने (डिझेल किती आधी फवारलं जातं) पटकन वाढतं. पंपाचं टायमिंग मनाला वाटेल तेवढं पुढे घेणारे आहेत आपल्याकडे, गाडी हलकी पळते हे खरंय, पण तो मार पिस्टन, पिन आणि हेड गॅस्केट खातात.

गजन पिन आणि बुश

तो साडेसोळा टनांचा दाब रॉडपर्यंत जातो कसा, तर या पिनमधून. पिन आतून पोकळ असते, दाबाखाली ती किंचित वाकते आणि लंबगोल होते, आणि वाकली की पिस्टनच्या पिनभोकाच्या वरच्या कडेला ताण देते, पिनच्या लाईनमधली चीर तिथून येते. म्हणून जास्त पॉवरला जाड भिंतीची पिन घ्या, पिस्टनच्या पिनभोकात ब्रॉन्झ बुश असेल तर फारच उत्तम. डीएलसी (कडक कार्बनच्या थराचं) कोटिंगवाली काळी पिन मिळते, बुश नसलेल्या फोर्ज पिस्टनमध्ये ती घेण्यासारखी आहे. रॉडचं छोटं टोक वर निमुळतं आहे की चौकोनी ते बघूनच पिस्टन मागवा, दोन्हीचे पिस्टन आतून वेगळे असतात.

रिंग आणि गॅप

पिस्टनबरोबर येणाऱ्याच रिंग वापरा, दुसऱ्या सेटच्या नाही. हेवी डिझेलमध्ये पहिली रिंग बऱ्याचदा पाचरीच्या आकाराची असते, खाच पण तशीच, ती कार्बनमध्ये अडकत नाही. चौकोनी खाचेत पाचरीची रिंग टाकणारे महाभाग भेटतात, तसं करू नका.

गॅप म्हणजे रिंगच्या दोन टोकांमधली फट, तिचं गणित बघा. १०२ च्या बोअरचा परीघ ३२० मिमी. रिंग बोअरपेक्षा १०० अंशांनी जास्त तापली तर ती लांबीत साधारण ०.३५ मिमी वाढते, तेवढाच गॅप कमी होतो. गॅप संपला की दोन टोकं एकमेकांना भिडतात, रिंग बाहेरून बोअरला दाबते, आणि पिस्टनचा वरचा काठच उचकटून निघतो. म्हणून जास्त पॉवरला गॅप कंपनीपेक्षा जास्त लागतो, किती ते पिस्टनच्या डब्यातल्या शीटवर वापराप्रमाणे लिहिलेलं असतं, तेच पाळा. गॅप जास्त झाला तर थोडा ब्लो-बाय (रिंगवरून खाली निसटणारा गॅस), कमी झाला तर इंजिनच जातं. मला तर यात निवड सोपी वाटते.

रिंग बोअरमध्ये ज्या सिलिंडरला बसणार त्याच सिलिंडरमध्ये टाका, पिस्टन उलटा करून तिला खाली ढकला म्हणजे ती सरळ बसते, मग फिलर गेज घाला. पात हलकी घासून गेली पाहिजे, कोंबायची नाही. कमी असेल तर रिंग फाईलरवर एकाच टोकाला, बाहेरून आत अशा दिशेनेच घासा, उलटं घासलं तर बाहेरच्या क्रोम किंवा मॉलीचा टवका उडतो. घासल्यावर कड ऑईलस्टोनने मारा.

क्लिअरन्स, आणि नाशिकचा उन्हाळा

पिस्टन गोल नसतो, खालून थोडा जाड, वरून बारीक आणि आडवा लंबगोल असतो. म्हणून मायक्रोमीटर कुठे लावायचा ती उंची शीटवर दिलेली असते, पिनच्या काटकोनात. भलत्याच ठिकाणी मोजलं तर क्लिअरन्सचा आकडा खोटा येतो. ४०३२ आणि २६१८ मधला फरक पण आकड्यात बघा, पिस्टन २०० अंशांनी तापला तर १०२ मिमीवर २६१८ जवळपास ०.०६ मिमी जास्त फुगतो. कास्टचा क्लिअरन्स ठेवून २६१८ बसवला की जाम झालाच समजा.

आणि आपल्याकडे अजून एक गोष्ट. मोजमाप २० अंशांना धरलेली असतात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ४० अंश असतात, अल्युमिनियम लोखंडापेक्षा जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे २० अंशांच्या फरकाने पिस्टन आणि बोअरमधला क्लिअरन्स जवळपास ०.०२ मिमी कमी दिसतो. त्यात पिस्टन एसी ऑफिसमधून आणला आणि ब्लॉक उन्हात होता असं झालं तर आकडा कुठलाच खरा नाही. पिस्टन आणि ब्लॉक रात्रभर एकाच खोलीत ठेवा आणि सकाळी लवकर मोजा, एवढंच करायचंय.

होनिंग (बोअर आतून दगडाने बारीक घासणं) टॉर्क प्लेट, म्हणजे हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट, लावून करून घ्या. हेड आवळलं की बोअरचा आकार बदलतो, प्लेट लावली की होनिंग त्याच ताणात होतं. ज्याच्याकडे तुमच्या इंजिनाची प्लेट नाही त्याच्याकडे मोठ्या एचपीचं काम देऊ नका, दोन-चार हजार जास्त गेले तरी चालतील.

तेलाचा जेट आणि कोटिंग

ब्लॉकमध्ये पिस्टनखालचे जेट आहेत का, सगळ्यांची धार बरोबर जागी जाते का, हे हवेने आणि हाताने तपासा. गॅलरीवाल्या पिस्टनला जेटची धार त्याच्या भोकातच गेली पाहिजे, नाहीतर गॅलरी असून उपयोग शून्य. नवीन पिस्टन खाली आल्यावर जेटला घासत नाही ना, ते क्रँक हाताने फिरवून प्रत्येक सिलिंडरला बघा. वाकलेला एक जेट म्हणजे एक सीझ पिस्टन.

कोटिंगबद्दल थोडक्यात: स्कर्टवरचं (पिस्टनच्या खालच्या बाजूवरचं) ग्राफाईटचं घ्या, डोक्यावरचं सिरॅमिक बजेट असेल तर, पहिल्या खाचेचं हार्ड ॲनोडाईज फोर्ज पिस्टनला जरूर घ्या.

माल घेताना

कोल्हापूरला मेनन, चेन्नईला इंडिया पिस्टन्स, गाझियाबादला श्रीराम, असे आपल्याच देशातले चांगले बनवणारे आहेत, कास्टसाठी बाहेर जायची गरज नाही. फोर्ज आणि स्टीलचे परफॉर्मन्स सेट बाहेरून येतात, तिथे कस्टम ड्युटी आणि महिन्यांची वाट धरून चला. डबा उघडल्यावर सहाही पिस्टन पिनसकट वजनकाट्यावर घाला, काही ग्रॅमच्या आत पाहिजेत. डोक्यावरचा पार्ट नंबर आणि ओव्हरसाईजचा शिक्का साफ वाचता आला पाहिजे, पिनभोकाच्या कडा धारदार नकोत, रिंग कॅरिअर आणि अल्युमिनियमच्या जोडावर नखाने रेघ लागली नाही पाहिजे. बिल घ्या. विनाबिलाचा पिस्टन स्वस्त पडत नाही.

बांधताना आणि नंतर

पिस्टन टॉपला आल्यावर डायल गेजने तो ब्लॉकच्या किती वर निघतो ते पिनच्या लाईनवर दोन्ही बाजूंना मोजा, पिनच्या आडव्या बाजूला मोजलं तर पिस्टन डुलतो आणि आकडा चुकतो. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर मुलांच्या खेळण्यातली माती पिस्टनवर ठेवून, हेड जुन्या गॅस्केटसकट आवळून, हाताने इंजिन फिरवून बघा, माती कापून सगळ्यात पातळ जागा मोजा. कॅम बदलला असेल तर हे सोडूच नका.

एक्झॉस्टचं टेम्परेचर मीटर टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये बसवा. अल्युमिनियमच्या पिस्टनला सलग ७०० अंशांच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, गेलं की पाय उचलायचा किंवा गिअर टाकायचा. मीटर नसलेल्या मोठ्या एचपीच्या गाडीवर मी तरी घाटात बसणार नाही.

सुरुवातीला साधं मिनरल तेल टाका, इंजिन तास-तास आयडलवर ठेवू नका, रिंग बसायला मध्यम लोड लागतो, चढ-उतारावर थोडं ओढा, मग सोडा, पुन्हा ओढा. पेठ रोडचा चढ-उतार त्यासाठी चांगला आहे. पहिलं तेल लवकर बदला, आणि फिल्टर फेकायच्या आधी कापून त्याचा कागद उलगडून उन्हात बघा. लोखंडाची थोडी काळी भुकटी होनिंगची असते, ती चालेल. चकचकीत अल्युमिनियमच्या चकत्या दिसल्या तर गाडी पुढे नेऊ नका, ब्रीदरचं तोंड उघडून बघा हवा किती मारते, आणि लगेच कॉम्प्रेशन टेस्ट करून कुठला सिलिंडर कमी आहे ते शोधा. सगळं ठीक असेल तर दुसरं तेल पण नेहमीच्या निम्म्याच किलोमीटरला बदला, फिल्टर तेव्हाही कापा, आणि मगच पंप हळूहळू वर घ्या, प्रत्येक वेळी मीटर बघून.